समुद्राचा गोंगाट मोजताना : हायड्रोफोन-मालिकेची आखणी

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर काही जुने मच्छीमार होडीच्या काठाला धरून डोके पाण्याखाली घालतात आणि मासे ऐकतात. आपल्याकडील ढोमा, घोळ यांच्याच कुळातील मासे वाताशयाभोवतीचे स्नायू झपाट्याने आकसून ढोलासारखा आवाज काढतात. घोळीचा हाच वाताशय आपल्या बाजारात ‘बोत’ या नावाने मोठ्या भावाने विकला जातो. आवाज कोणत्या दिशेने येतो आणि थवा किती मोठा आहे, हे ऐकून जाळे टाकायचे की पुढे जायचे ते ठरते. ही विद्या आता मोजक्याच लोकांकडे उरली आहे.

भारताच्या किनाऱ्यावर या विषयाला आणखी एक बाजू आहे. जहाजांची वर्दळ वाढली, धक्क्याचे खांब ठोकण्याचे काम सुरू झाले आणि मासा दूर गेला, असे मच्छीमार सांगतात. मासळी कमी होण्यास इतर कारणे असू शकतात, असे प्रकल्पाच्या बाजूने सांगितले जाते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकते. तथापि पाण्याखालचा आवाज कामापूर्वी किती होता आणि नंतर किती झाला, याची विश्वासार्ह नोंद नसेल तर हा वाद मतांच्या पातळीवरच राहतो.

अशी नोंद ठेवण्याचे साधन म्हणजे हायड्रोफोन, अर्थात पाण्यात ऐकणारा मायक्रोफोन. मात्र हायड्रोफोन पाण्यात सोडला म्हणजे मोजणी झाली, असे नव्हे. शेतात कामगंध सापळा बांधावर लावला की मधोमध, पिकाच्या शेंड्याच्या वर की खाली, एक लावला की हेक्टरी पाच, यावर पतंगांची संख्या बदलते. आणि त्या संख्येवरच फवारणीचा निर्णय अवलंबून असतो. समुद्रातील मोजणीचेही तसेच आहे. किती हायड्रोफोन, कोठे, किती अंतरावर आणि किती काळ, या आखणीवरच हाती आलेल्या आकड्याची किंमत ठरते.

पाण्यातील आवाजाचे वेगळेपण

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. १८२६ साली कोलाडाँ आणि स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून गोड्या पाण्यातील वेग सेकंदाला १४३५ मीटर असा काढला होता. तापमान, क्षारता व दाब वाढला की हा वेग वाढतो. समुद्रात प्रकाश दोनशे मीटरच्या पुढे जवळजवळ पोहोचत नाही; खालच्या सुराचा आवाज मात्र खोल पाण्यात हजारो किलोमीटर जाऊ शकतो. त्यामुळे सोबती शोधणे, थवा टिकवणे व धोका ओळखणे या कामांत अनेक जलचर आवाजावर विसंबून असतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हवेतील डेसिबल २० मायक्रोपास्कल दाबाच्या तुलनेत, तर पाण्यातील डेसिबल १ मायक्रोपास्कल दाबाच्या तुलनेत सांगतात. केवळ या संदर्भामुळेच दोन आकड्यांत २६ डेसिबलचा फरक पडतो. पाणी व हवा यांच्या घनतेतील आणि ध्वनिवेगातील फरक त्याहून निराळा. पाण्यातील १२० डेसिबल म्हणजे लाउडस्पीकरचे १२० डेसिबल नव्हेत. बातम्यांतून अशी तुलना केली जाते आणि त्यातून नाहक भीती किंवा नाहक निश्चिंतता निर्माण होते.

गोंगाटाचे स्रोत

१९६२ साली गॉर्डन वेन्झ यांनी समुद्रातील आवाजाचे स्रोत कंपनसंख्येनुसार मांडले. ती मांडणी आजही आधारभूत मानली जाते. साधारण १० ते काहीशे हर्ट्झच्या पट्ट्यात दूरवरच्या जहाजांचा आवाज प्रभावी असतो. त्यावर, काहीशे हर्ट्झपासून कित्येक हजार हर्ट्झपर्यंत, वारा आणि फुटणाऱ्या लाटांचे राज्य असते. पावसाच्या बारीक थेंबांनी पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि त्यांचा आवाज १५,००० हर्ट्झच्या आसपास उमटतो.

उष्ण कटिबंधातील उथळ पाण्यात यात आणखी एका जिवाची भर पडते. ही एक बोटाएवढीही नसलेली कोळंबी आहे. ती मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याच्या झोतामागे बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटताना टिचकीसारखा आवाज होतो. हजारो कोळंब्यांच्या टिचक्या मिळून कढईत फोडणी तडतडावी तसा अखंड आवाज निर्माण होतो. २,००० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झच्याही पुढे तो पसरलेला असतो. खडक, प्रवाळ किंवा बंदराच्या खांबांजवळ हायड्रोफोन लावल्यास या पट्ट्यात इतर काही ऐकू येणेही कठीण होते.

बहुतेक मासे एक हजार हर्ट्झच्या आतील आवाज चांगला ऐकतात. जहाजांचा आवाज नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणून मोजणीचा पहिला प्रश्न ‘समुद्र किती गोंगाटी आहे?’ हा नसून ‘कोणत्या पट्ट्यातील आवाज हवा आहे?’ हा असतो. पुढची सारी आखणी त्याच्या उत्तरावर उभी राहते.

एक हायड्रोफोन का पुरत नाही?

हायड्रोफोनमध्ये बहुधा विशिष्ट सिरॅमिकचा तुकडा असतो. ध्वनिलहरींच्या दाबाने तो किंचित दबतो व त्यातून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. एक हायड्रोफोन त्या जागी आवाज किती आहे हे सांगतो. तो कोठून आला हे सांगू शकत नाही. दूरच्या दहा जहाजांचा आणि जवळच्या एका होडीचा आवाज त्याला सारखाच भासू शकतो.

एका रांगेत अनेक हायड्रोफोन लावले की चित्र बदलते. ७.५ मीटर अंतरावरील दोन हायड्रोफोनच्या थेट रेषेतून आवाज आला, तर तो दुसऱ्यापर्यंत ५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तो रेषेला काटकोनात आला, तर दोघांना एकाच क्षणी ऐकू येतो. या वेळेच्या फरकावरून दिशा काढता येते. संगणक प्रत्येक हायड्रोफोनची नोंद योग्य तेवढी मागेपुढे सरकवून सर्वांची बेरीज करतो. त्यामुळे हव्या त्या दिशेचा आवाज ठळक होतो आणि इतर दिशांचा दबतो.

या बेरजेचा लाभ मोजता येतो. चारही दिशांचा विस्कळीत गोंगाट एकमेकांत जुळत नाही, असे धरल्यास चार हायड्रोफोनने ६ डेसिबल, आठांनी ९ डेसिबल व सोळांनी १२ डेसिबल लाभ होतो. म्हणजे दरवेळी संख्या दुप्पट करून ३ डेसिबलच पदरात पडतात. खर्च आणि लाभ यांचा मेळ येथेच घालावा लागतो. सरसकट अधिक उपकरणे घेणे शहाणपणाचे ठरत नाही.

अंतराचे गणित

दोन हायड्रोफोनमधील अंतर आवाजाच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून अधिक नसावे, हा आखणीचा मुख्य नियम आहे. ध्वनिवेगाला कंपनसंख्येने भागले की तरंगलांबी मिळते.

• १०० हर्ट्झ : तरंगलांबी १५ मीटर, कमाल अंतर ७.५ मीटर
• १,००० हर्ट्झ : तरंगलांबी १.५ मीटर, कमाल अंतर ७५ सेंटिमीटर
• १०,००० हर्ट्झ : तरंगलांबी १५ सेंटिमीटर, कमाल अंतर ७.५ सेंटिमीटर

अंतर याहून जास्त ठेवले, तर दोन वेगळ्या दिशांनी आलेल्या लहरी हायड्रोफोनवर एकसारखाच ठसा उमटवतात. मग पूर्वेकडील जहाज पश्चिमेला दिसू लागते. अशा चुकीची खूण नोंदीत राहत नाही आणि नंतर ती दुरुस्तही करता येत नाही.

उलट अंतर फार कमी ठेवले तर मालिका आखूड होते. ७५ सेंटिमीटर अंतराने सोळा हायड्रोफोन लावल्यास मालिकेची एकूण लांबी ११.२५ मीटर भरते. १,००० हर्ट्झसाठी ती उत्तम. पण १०० हर्ट्झची एक लहरच १५ मीटर लांब असल्याने जहाजाच्या आवाजाची दिशा तिला अंदाजानेच सांगता येते. या पेचावर उपाय म्हणजे मध्यभागी दाट आणि टोकांकडे विरळ अशी रचना. मधले हायड्रोफोन उंच सुरांसाठी वापरतात. त्यांतलेच काही, टोकांकडील हायड्रोफोनसह, खालच्या सुरांसाठी उपयोगी पडतात. थोड्या उपकरणांत मोठा पट्टा व्यापण्याचा हा रुळलेला मार्ग आहे.

आडवी, उभी की त्रिकोणी?

तळावर आडवी पसरलेली मालिका आवाज कोणत्या बाजूने आला हे सांगते. मात्र सरळ रेषेतील मालिकेला डावी-उजवी ओळखता येत नाही. त्रिकोणात मांडणी केल्यास ही संदिग्धता जाते. अणुचाचणीबंदी करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने जगात सहा ठिकाणी हायड्रोफोन-केंद्रे उभारली आहेत. त्यांत सुमारे दोन-दोन किलोमीटर अंतरावर तीन हायड्रोफोनचे त्रिकूट असते. यांपैकी डिएगो गार्सिया, केप ल्यूविन व क्रोझे ही तीन केंद्रे हिंदी महासागराचा आवाज ऐकतात.

उभी मालिका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. वारा व पावसाचा आवाज वरून, पृष्ठभागाकडून येतो. दूरच्या जहाजांचा आवाज बराचसा आडवा येतो. उभ्या मालिकेने हे दोन्ही वेगळे करता येतात आणि ‘वाढलेला आवाज पावसाळ्याचा की वाहतुकीचा?’ हे ठरवता येते. मात्र प्रवाहाने मालिका कलली तर दिशाही चुकते. त्यामुळे कल मोजणारी उपकरणे सोबत लावावी लागतात.

यंत्रणेचा स्वतःचा आवाज

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक मोजण्या बिघडतात त्या यंत्रणेच्या स्वतःच्या आवाजामुळे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात दोर ताणला जाऊन, वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणाव्यात, तसा कंप पावतो. पाणी हायड्रोफोनवरून वाहताना भोवरे होतात व त्यांचा दाब खऱ्या आवाजासारखा नोंदला जातो. पृष्ठभागावरील तरंगता बोया लाटेवर आपटतो, साखळीच्या कड्या खणखणतात. हा सर्व आवाज खालच्या सुरांचा, म्हणजे जहाजांच्याच पट्ट्यातला असतो. जेथे प्रवाह जोराचा, तेथे ‘जहाजांचा गोंगाट’ दिवसातून ठरावीक वेळा भरतीबरोबर वाढताना दिसला, तर प्रथम स्वतःच्या दोरावर संशय घ्यावा.

उपाय साधे असले तरी ते काटेकोर पाळावे लागतात. पृष्ठभागावरील बोयाऐवजी पाण्याखाली राहणारा तरंड वापरणे. दोरावर केसाळ झालर लावून कंप मोडणे. धातूवर धातू घासू न देणे. लवचीक दोराने हायड्रोफोन टांगणे. आणि जमेल तेथे प्रवाह मंद असलेल्या तळाजवळ बसवणे. उष्ण पाण्यात काही आठवड्यांतच शिंपले व शेवाळ चिकटतात, तेव्हा ठरावीक काळाने साफसफाई हवी. समुद्रात सोडण्यापूर्वी आणि बाहेर काढल्यानंतर, अशा दोन्ही वेळी उपकरणाचे प्रमाणीकरण केले नाही तर आकडा किती सरकला हे कळत नाही.

उपकरणाची क्षमताही कामाप्रमाणे निवडावी लागते. शांत समुद्र ऐकणारा संवेदनशील हायड्रोफोन खांब ठोकण्याच्या जागेजवळ लावला तर त्याची नोंद छाटली जाते. केशर आणि धान्याचे पोते एकाच काट्यावर तोलता येत नाही.

किती काळ, किती माहिती?

जितका उंच सूर हवा, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा प्रतिसेकंद नोंद घ्यावी लागते. २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकण्यासाठी सेकंदाला ४८,००० नोंदी घेतल्या, तर १६ बिटच्या हिशेबाने एका हायड्रोफोनची दिवसाची माहिती सुमारे ८.३ गिगाबाइट होते. बारा हायड्रोफोनची जवळजवळ १०० गिगाबाइट. बॅटरी आणि साठवण वाचवण्यासाठी दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे ऐकण्याची पद्धत वापरली जाते. तिने माहिती एक-षष्ठांश होते. परंतु मधल्या पंचवीस मिनिटांत गेलेली होडी निसटते. माशांचे सामूहिक आवाज बहुधा सूर्यास्तानंतर वाढतात, वाऱ्याचा आवाज ऋतूनुसार बदलतो. त्यामुळे आठ दिवसांची नोंद वर्षाचे प्रतिनिधित्व करू शकत नाही.

हायड्रोफोन स्वतंत्र यंत्रांवर असतील तर घड्याळे जुळणे अनिवार्य आहे. एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे पाण्यात दीड मीटरची चूक.

‘आधी’च्या नोंदीचे मोल

नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये बॅरेन्ट्स समुद्रात एक प्रयोग केला. तेलसाठ्यांच्या शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या हवेच्या तोफांचा मासेमारीवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. तोफा सुरू होण्यापूर्वी सात दिवस, चालू असताना पाच दिवस आणि बंद झाल्यावर पाच दिवस त्यांनी एकाच पद्धतीने मासेमारी केली. कॉड व हॅडॉक माशांची पकड सरासरीने सुमारे निम्म्याने घटली. तोफांच्या प्रत्यक्ष क्षेत्रात ही घट सुमारे ७० टक्के होती आणि पुढील पाच दिवसांत पकड पूर्ववत झाली नाही. पहिले सात दिवस नसते, तर उरलेल्या दहा दिवसांच्या आकड्यांतून काहीच सिद्ध झाले नसते.

कॅलिफोर्नियाजवळील सान निकोलस बेटापाशी १९६४ ते १९६६ या काळात नौदलासाठी घेतलेल्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्याच ठिकाणी २००३-०४ मध्ये पुन्हा मोजणी केली असता, ३० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यातील आवाज १० ते १२ डेसिबलने वाढल्याचे दिसले. जुनी नोंद प्रमाणित असल्यामुळेच ही तुलना शक्य झाली.

मोजता आले की नियमही करता येतो. जर्मनीने समुद्रातील पवनचक्क्यांचे खांब ठोकताना ७५० मीटर अंतरावर एका ठोक्याच्या ध्वनी-मात्रेची मर्यादा १६० डेसिबल अशी घातली. ती पाळण्यासाठी खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा सोडण्यासारखे उपाय रुळले.

आपला समुद्र

भारतात चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने उथळ किनारी पाण्यात हायड्रोफोनच्या उभ्या मालिका सोडून वारा, पाऊस व जहाजे यांच्या आवाजाच्या नोंदी घेतल्या आहेत. गोव्यात झुवारीच्या मुखाजवळील ग्रांदे बेटापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माशांचे सामूहिक आवाज नोंदवले, आणि २०१७ मधील नोंदींत हम्पबॅक देवमाशाचे गाणेही सापडले. लक्षद्वीपच्या पाण्यातील नोंदींतून निळ्या देवमाशाचे अस्तित्व आवाजाने सिद्ध झाले.

डिएगो गार्सियाचे त्रिकूट अणुस्फोट ऐकण्यासाठी बसवलेले आहे. तथापि त्याच्या सुमारे दोन दशकांच्या नोंदींतून २०२१ मध्ये निळ्या देवमाशाच्या एका अज्ञात समूहाचे गाणे ओळखले गेले. नीट आखलेली नोंद पुढे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांनाही उत्तरे देते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हीच तत्त्वे कोळंबीच्या तलावातही लागू पडतात. व्हॅनामेई कोळंबी खाद्य कुरतडताना टिकटिक आवाज करते. हायड्रोफोनने तो ऐकून खाद्य सोडणारी स्वयंचलित यंत्रे आता बाजारात आहेत. उत्पादनखर्चाचा सुमारे निम्मा भाग खाद्यावर जात असल्याने हा लाभ मोठा आहे. मात्र हायड्रोफोन एरेटरच्या झोतात किंवा पंपाशेजारी टांगला, तर यंत्र कोळंबी न ऐकता एरेटर ऐकते. यंत्र बसवण्यापूर्वी एरेटर चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत तलावाचा आवाज नोंदवून जागा निश्चित करावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

१. किनाऱ्यावर मोठे बांधकाम प्रस्तावित असेल, तर आवाजाची मोजणी कामापूर्वी, शक्यतो सर्व ऋतूंत, सुरू व्हावी असा आग्रह मच्छीमार संस्थांनी जनसुनावणीतच धरावा. काम सुरू झाल्यावर ही संधी परत येत नाही.

२. मालिकेची जागा ठरवताना स्थानिक मच्छीमारांना सहभागी करून घ्यावे. ट्रॉलरचे जाळे कोठून ओढले जाते, प्रवाह कोठे जोराचा असतो, ढोमा-घोळ कोणत्या महिन्यांत कोठे जमतात, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. सल्ला न घेता टाकलेली मालिका जाळ्यात सापडून नष्ट होण्याचा संभव असतो.

३. मोजणीच्या काळात होड्यांची ये-जा, वारा, पाऊस व दररोजची पकड यांची वही ठेवावी. तिच्याशिवाय आवाजाच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

४. कोणताही अहवाल हाती आल्यास पाच गोष्टी पाहाव्यात : मोजणीची जागा व खोली, कंपनसंख्येचा पट्टा, कालावधी, प्रमाणीकरणाच्या तारखा आणि डेसिबलचा संदर्भ-दाब. यांतील एकही गोष्ट नसेल तर आकडा आपल्या बाजूचा असला तरी तो पुरावा म्हणून पुढे करू नये.

होडीच्या काठाला धरून ऐकणाऱ्या मच्छीमाराला जागा, वेळ व प्रवाह यांचे भान होते. इंजिन बंद करूनच तो डोके पाण्यात घालीत असे. हायड्रोफोन-मालिकेच्या आखणीत हेच भान आकड्यांत बांधलेले असते. किनाऱ्यावरील कुटुंबांची रोजी ज्या निर्णयांवर अवलंबून आहे, ते निर्णय अशा मोजणीवर व्हावेत, एवढी अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.